सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद

रफीकचाचांनी आमच्या अण्णांना टाकाऊ माल दिला, असं काशीच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांतली आमची मराठी मंडळी कितीतरी वर्षं बोलत होती. त्यातले दोघं-तिघं अजून हयात आहेत आणि भेटले की तेच बोलतात. माल टाकाऊ नव्हता. चांगला पारखून आणलेला होता, आणि तो कसा वाया गेला हे त्या वेळी दोनच माणसांना ठाऊक होतं, एक चाचा आणि दुसरी मी. चाचा बोलले नाहीत. माझं तर बोलणं शक्यच नव्हतं, कारण बोलले असते तर पुण्याला कशी गेले असते? पन्नाशी उलटली की माणसाला आपल्या हुशारीचे किस्से सांगायला फार आवडतात. हा माझ्या भित्रेपणाचा आहे, आणि चाचांचं नाव माझ्या हयातीत साफ व्हावं म्हणून सांगते आहे. उशीर झालाय, ते मला कळतं.

अण्णा, माझे वडील, पंचांग करत. काशीतल्या मराठी घरांसाठी, काशीच्या सूर्योदयाचं आणि आपल्या महिन्यांचं असं ते एकच पंचांग होतं. पुण्या-मुंबईची पंचांगं छपाईला कितीही देखणी असली तरी सूर्य तिकडे आमच्यापेक्षा उशिरा उगवतो, आणि बनारसची पंचांगं इथल्या सूर्याची असली तरी त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे पितृपक्षात आई म्हणायची भाद्रपद आणि शेजारची मिश्राइन म्हणायची क्वार, म्हणजे आश्विन, आणि दोघी एकाच दिवशी आपापल्या सासऱ्यांचं श्राद्ध घालायच्या. आमची जागा तिसऱ्या मजल्यावर होती, भाड्याची, दोन खोल्या आणि एक झरोका. त्या झरोक्याखालून दिवसातून चार-पाच वेळा हाक यायची, "शास्त्रीजी, एकादशी आज धरायची की उद्या?" आणि अण्णा आतूनच, पाटावरून न उठता, कुठल्याही कागदाकडे न बघता सांगायचे. विचारणारा "बरं" म्हणून घाटाच्या पायऱ्या उतरायचा. पुन्हा कुणी विचारत नसे. मला लहानपणी वाटायचं की तिथी अण्णा ठरवतात आणि मग चंद्र त्याप्रमाणे वागतो.

नदी आमच्या घरातून दिसत नव्हती, पण ऐकू सगळं यायचं. पहाटे खालच्या देवळाची घंटा, वरच्या मशिदीची अजान, मल्लाहांची भांडणं, आणि दिवसभर अण्णांचं गणित. ते आकडे पुटपुटत, आणि पुटपुटताना डावा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राही. उन्हाळ्यात लू सुटली की आई झरोक्याला ओलं पोतं बांधायची, आणि त्या काळोख्या, ओल्या तागाच्या वासाच्या खोलीत आम्ही डाळ-कैरी, पातळ वरण-भात आणि मेतकूट खायचो. पन्ह्यात आई पुदिना आणि भाजलेलं जिरं घालायची, तिथल्यासारखं. पुण्यात गेल्यावर माझ्या मामेबहिणी त्या पन्ह्याला नाकं मुरडायच्या आणि मी भाजीला तरकारी म्हटलं की फिदीफिदी हसायच्या. असो.

ते मशीन घरात आलं एका लंडनच्या यजमानांमुळे. त्यांचे वडील तिकडे वारले होते, आणि मृत्यूची तिथी तिथल्या घड्याळाने धरायची की इथल्या, यावर चार भटजींनी चार मतं दिली होती. अण्णांनी त्यांच्यासमोर बसून तासाभरात गणित मांडून दाखवलं. पुढल्या वर्षी ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा आपल्या मुलाने टाकून दिलेला एक घरगुती संगणक अण्णांच्या पुढ्यात ठेवून गेले. काळा, शाळेच्या वहीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला जोडायचा, आणि कॅसेट लावली की पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज पाच-पाच मिनिटं चालायचा. आई कानावर पदर घेऊन स्वयंपाकघरात जायची. त्याचं इंग्रजी पुस्तक मी आठवीत असताना वाचायला घेतलं आणि दहावी होईतो अण्णांचं रवि-चंद्राचं गणित त्या मशीनला शिकवलं. आमच्या घरात तेव्हा माझ्याएवढं शहाणं कुणी नव्हतं, निदान माझं मत तसं होतं.

अडचण एकच होती, मशीनची मेमरी. सोळा के. आज माझ्या भाचीने फोनवर पाठवलेल्या एका फोटोलाही एवढी जागा पुरायची नाही. पंचांगाचं सगळं गणित त्यात मावत नव्हतं, म्हणून मी त्याचे चार तुकडे केले होते. पहिला तुकडा सूर्य काढायचा. ते आकडे मी वहीत उतरवायचे, मशीन पुसायचं, दुसरा तुकडा कॅसेटवरून चढवायचा, वहीतले आकडे पुन्हा बटणांवर बडवायचे, मग चंद्र. मग तिथी. मग नक्षत्र. टेपवर आकडे उतरवून ठेवायची सोय होती म्हणा, पण आमचा टेपरेकॉर्डर म्हातारा आणि बनारसची बिजली लहरी. उतरवलेलं परत वाचता येईल याचा काही भरवसा नसे. एका वर्षाच्या पंचांगासाठी मी दोन-अडीच महिने रोज दुपारी हे करत बसायची.

आणि हे मलाच करावं लागायचं, कारण अण्णांचे डोळे चालले होते. काचबिंदू. जेवढं गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहीतला आकडा त्यांना दिसत नव्हता. टीव्हीच्या काचेला नाक लावलं तर हाताच्या बोटाएवढी अक्षरं दिसायची. बटणं मात्र त्यांनी स्पर्शाने पाठ केली होती. म्हणजे गोष्ट अशी होती: सगळं गणित एका वेळी मशीनमध्ये मावलं असतं तर अण्णा सकाळी एकदा कॅसेट चढवून, एकेक बटण दाबून, दिवसामागून दिवस मोठ्या अक्षरात वाचू शकले असते आणि आईने ते उतरवून घेतलं असतं. मग माझी गरज उरली नसती. मी बारावी झाले होते. मामा पुण्याला बोलावत होता, कॉलेजात घालतो म्हणत होता. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आता सांगितलं तर कृतघ्नपणा वाटेल, पण रोज दुपारी त्या आकड्यांवर पेन फिरवताना मला रडू यायचं, आणि अण्णांना ते दिसत नाही याचं बरं वाटायचं. अण्णांनाही माझी घुसमट कळत असावी. ते एकदा आईला म्हणाले की हिच्या डोळ्यांवर मी किती वर्षं जगायचं.

रफीकचाचांचं दुकान चौकाकडे जाणाऱ्या गल्लीत होतं, एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढंच. रेडिओ, टीव्ही, देवळांचे भोंगे, मशिदीचे भोंगे, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांना दमा होता. मिस्त्री म्हटलेलं आवडायचं नाही. उघडलेल्या प्रत्येक सेटचे स्क्रू ते वेगवेगळ्या बाटल्यांच्या बुचांत ठेवायचे आणि बुचांखाली चिठ्ठी. अण्णांचं आणि त्यांचं जमायचं ते दोघंही कामात सारखेच चिकट म्हणून. दर वर्षी रमजानच्या आणि ईदच्या आधी अण्णा त्यांना एका चिठ्ठीवर चंद्रकोर किती वाजता, किती उंचीवर असेल ते लिहून पाठवायचे. चाचा म्हणायचे, पंडितजी, तुमचा कागद बरोबरच असतो, पण आम्हाला डोळ्यांनी बघावा लागतो. आणि नंतर येऊन सांगून जायचे की अगदी तिथेच होता.

मशीन पहिल्यांदा उघडून बघितलं ते चाचांनीच. आत मेमरीसाठी आठ रिकामी घरं होती, कंपनीने पुढे कुणी वाढवेल म्हणून ठेवलेली. त्यात आठ चिपा बसवल्या की सोळाचे अठ्ठेचाळीस के होणार. पण कुठल्याही आठ नाही. चाचांनी दोन दिवस भिंगातून बघून, कुठल्याशा जुन्या मासिकातून वाचून आम्हाला समजावलं की या मशीनला लागणाऱ्या चिपा म्हणजे मुळात दुप्पट मोठ्या चिपा, ज्यांचा एक अर्धा भाग बनतानाच बाद झालेला आणि एक अर्धा शाबूत. टाकून देण्याऐवजी कंपनीने स्वस्तात वापरल्या. काहींचा वरचा अर्धा चालतो, काहींचा खालचा. कुठला ते पाठीवरच्या नंबरावरून कळतं. आठही एकाच जातीच्या हव्यात, आणि आत एक बारीक तार असते ती त्याप्रमाणे जोडायची. चार अशा आणि चार तशा घातल्या तर मशीन एकही धरणार नाही. मी हे ऐकून गोंधळले, अण्णा मात्र खूष झाले. "म्हणजे तुमच्या बनारसची पौर्णिमान्त आणि आमची अमान्त," ते म्हणाले. "महिना दोघांचा पुरा, पण अर्धे तुमचे आणि अर्धे आमचे घेऊन वर्ष लावू म्हटलं तर नाही लागणार." चाचांना ते इतकं आवडलं की हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आईला पाणी आणावं लागलं.

तशा आठ चिपा बनारसमध्ये कुठून मिळायच्या! चाचा पुतणीच्या लग्नाला दिल्लीला गेले तेव्हा लग्नाचे दोन दिवस सोडून उरलेले सगळे दिवस जुन्या बाजारात फिरले. दोन मेलेली मशीनं उघडून त्यांनी आठ सारख्या काढल्या, खालच्या अर्ध्याच्या. शिवाय तीन वरच्या अर्ध्याच्या निघाल्या त्या, कधी लागतील म्हणून खिशात घातल्या. परत आले तेव्हा दम्याने त्यांना तीन पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगून गेले. अण्णांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी तर त्याच संध्याकाळी मामाला पत्र लिहिलं की मी येते आहे.

आता आमच्या घरची एक रीत. पुढच्या वर्षाचं गणित सुरू करायचं तो दिवस अण्णा काढायचे, आणि त्या दिवशी पाटी, दौत, कोष्टकांची जुनी पोथी, सगळं देवापुढे मांडून पूजा व्हायची. आजोबांपासूनचं होतं ते. मशीन आलं तेव्हापासून तेही पूजेला असायचं. अण्णांना वाटलं की या आठ चिपांचीही पूजा व्हावी आणि मगच त्या आत बसाव्यात. चाचांना मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी जरा विचार केला, मग हसून म्हणाले की बिस्मिल्ला तर मशीनचाही व्हायला हवा. पण चिपा त्यांनी सहज नाही दिल्या. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घेऊन त्यांनी आठही त्यात दाबून गुंडाळल्या आणि पुडी माझ्या तळहातावर ठेवली.

"बिटिया, ये पन्नी मत हटाना. जो पूजा करनी है, ऐसे ही कर लेना. लू चल रही है, हवा एकदम खुश्क है, कपड़े की बिजली लग गयी तो ये मर जाते हैं. दिखता भी नहीं."

मी हो म्हटलं. मला ते समजलं होतंच. कोरड्या दुपारी डोक्यावरून फ्रॉक काढताना तडतड व्हायची ती मला माहीत होती, त्याची कारणंही पुस्तकात वाचलेली होती. अज्ञानाची सबब माझ्याकडे नाही.

पूजेच्या दिवशी सकाळी आईने ती पुडी बघितली आणि हात मागे घेतला. सिगारेटच्या पाकिटातला कागद देवापुढे ठेवणार नाही, म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तिने नुसतं ताम्हन बाजूला सरकवलं. मी समजावू शकले असते. अण्णांना बोलावलं असतं तर त्यांनी एका वाक्यात निकाल दिला असता. पण अण्णा आंघोळ करून सोवळ्यात येत होते, मुहूर्त जवळ होता, आणि मला भीती ही की वाद झाला तर आई चिडेल, पूजा पुढे जाईल, चाचांचं येणं पुढे जाईल, माझं पुणं पुढे जाईल. दोन तासांचा तर प्रश्न आहे, काय होतंय! असं मी मनात म्हटलं. अण्णांच्या फाटलेल्या मुकट्याचा, म्हणजे सोवळ्याच्या रेशमी धोतराचा, एक तुकडा आई देव पुसायला ठेवत असे. रेशमाला विटाळ नाही. मी पन्नी उलगडली, आठ चिपा त्या रेशमात घातल्या, वरून घडी केली आणि आईच्या हातात दिलं. पन्नी मी चुरगळून झरोक्यातून खाली टाकली.

अण्णा आले, पाटावर बसले. अंगावर रेशमी मुकटा, उपरणंही रेशमी. बाहेर लू अशी की ओलं पोतं तासाभरात कडक व्हायचं. पूजा झाल्यावर अण्णांनी ते रेशीम हातात घेऊन उलगडलं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून एकेक चिप दोन बोटांत धरून त्यांनी तिचे बारीक पाय चाचपले, मोजले, एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ, आणि हळूच परत ठेवली. मग दुसरी. आठही चिपा त्यांनी अशा मोजल्या. चेहरा इतका आनंदी होता की मी त्यांना थांबवू शकले नाही. खरं तर थांबवायला हवं हे मला त्या क्षणी कळत होतं, पहिल्याच चिपेला कळलं होतं, आणि मी हात जोडून बसून राहिले.

चाचा दुपारी आले. लूमध्ये तोंडाला गमछा बांधून. आईने पन्हं दिलं, ते त्यांनी त्यांच्यासाठी ठेवलेल्या पेल्यातून घेतलं. आमच्या घरात असे वेगळे पेले होते, हेही लिहायला हवं. मग आठही मी मोजून बघितल्या म्हणत अण्णांनी रेशमाची घडी पुढे केली. चाचांनी ती बघितली आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पन्नी?" मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मशीन उघडून आठही बसवल्या, तार जोडली, टीव्ही लावला. मशीनला आपल्या मेमरीचं शेवटचं घर कुठलं असं विचारता येतं. अठ्ठेचाळीस के असतील तर त्याने पासष्ट हजार पाचशे पस्तीस म्हणायला हवं. मी विचारलं. ते म्हणालं, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. म्हणजे आधी होतं तेवढंच. चाचांनी चिपा काढून उलट्यासुलट्या जागी बसवून पुन्हा पुन्हा बघितलं. तीन मेल्या होत्या. पाच जिवंत होत्या, पण पाचांचा काही उपयोग नाही. खिशातल्या त्या तीन वरच्या अर्ध्याच्याही त्यांनी घालून बघितल्या, चालणार नाहीत हे माहीत असून. नाही चालल्या. अण्णा सगळा वेळ टीव्हीच्या काचेला नाक लावून तोच आकडा वाचत होते.

"काय झालं रफीक मियाँ?" त्यांनी शेवटी विचारलं. मराठीतच विचारलं, घाईत.

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. अण्णांच्या बोटांकडे बघितलं. "पंडितजी, माल ही ख़राब निकला. ग़लती मेरी है. दिल्ली में ठीक से देखा नहीं."

"आपने तो कहा था, एक-एक देखकर लाये हैं."

"कहा था," चाचा म्हणाले.

ते पुन्हा दिल्लीला जाऊन येतो म्हणाले. अण्णा म्हणाले, "रहने दीजिए." या दोन शब्दांत चाचांचा सगळा खरेपणा निकालात निघाला आणि मी तिथेच, टीव्हीपासून दोन हातांवर बसले होते. चाचा जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबत होते, त्यांचा श्वास वर ऐकू येत होता. मी धावत जाऊ शकले असते. मनाशी म्हटलं, अण्णांना कसं सांगायचं की तुमच्याच बोटांनी मेल्या? अण्णांना जपण्यासाठी मी गप्प आहे, अशी माझी समजूत मी त्याच संध्याकाळी करून घेतली आणि ती वर्षभर पुरवली. चाचा खरोखर अण्णांना जपण्यासाठी गप्प राहिले होते. माझी गोष्ट तशी नव्हती. खरं सांगितलं असतं तर प्रायश्चित्त म्हणून मला घरी राहून आणखी एक वर्ष आकडे उतरवावे लागले असते, आणि पुढेही.

मी राहते असं मी म्हटलं होतं, एकदा, जेवताना. अण्णांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन छापखान्यात गेले आणि मालकांना म्हणाले की यंदापासून पंचांग बंद. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आग्रह केला. अण्णांनी चहा घेतला आणि आम्ही परत आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, तू जा. आषाढात मी पुण्याला गेले.

इकडे आईने देवळातल्या बायकांना सांगितलं, बायकांनी नवऱ्यांना. खोटं तिने काही सांगितलं नाही, तिला जे माहीत होतं तेच सांगितलं. आमच्या मराठी घरांचे रेडिओ-टीव्ही चाचांकडे जायचे बंद झाले. मग देवळांचे भोंगेही दुसरीकडे जायला लागले. अण्णा कुणाजवळ वाईट बोलले नाहीत, पण त्या वर्षी ईदची चिठ्ठी गेली नाही. हे सगळं मला आईच्या पत्रांतून कळत होतं, आणि पुण्यात मी सुखात होते. हे खोटं कशाला लिहू? कॉलेज, मैत्रिणी, सिंहगड, खरंच सुखात होते.

पाडव्याला घरी आले. देवळात पंचांगश्रवण होतं, इतकी वर्षं ते अण्णा करायचे. त्या वर्षी पुण्याचं छापील पंचांग एका बँकेतल्या गृहस्थांनी वाचलं, पुण्याच्या सूर्योदयासकट. अण्णा खांबाला टेकून खाली बसले होते. आता त्यांना उजेड-अंधाराएवढंच कळत होतं. कुणीतरी एका श्राद्धाच्या तिथीबद्दल विचारलं, आणि वाचणाऱ्याने पानं उलटून सांगितलं. अण्णांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला, मग थांबला. त्यांना कुणी विचारलंच नाही. मला ते बघवेना. घरी आल्यावर, आई खाली पाण्याला गेली होती तेव्हा, मी त्यांना सगळं सांगितलं. पन्नी, मुकटा, सगळं. फक्त बोटांचं नाही सांगितलं.

अण्णांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाले, "मोजल्या तर मीच."

"आणि तो म्हणाला, माल खराब होता." ते उठले, खुंटीवरची टोपी चाचपून डोक्यावर घातली. "चल. मला त्याच्याकडे ने."

मी त्यांचा हात धरून निघाले. ते पायऱ्या मोजत होते. दुपार होती, गल्लीत माणसं कमी. चाचांच्या दुकानाच्या दहा पावलं अलीकडे मला दिसलं की पाटी बदललेली आहे. आत चाचा नव्हते. एक म्हातारा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता, भिंतीवर बंद घड्याळं. ती दहा पावलं माझ्याकडे होती. त्यात मी म्हणायला हवं होतं की अण्णा, ते इथे नाहीत, गेलेत, आपल्यामुळे गेले असतील. दहा पावलांत एवढं वाक्य सहज मावतं. अण्णांनी हाताने उंबरा चाचपला, थांबले, आणि टोपी काढली.

"रफीक मियाँ, मैं हूँ. बिटिया ने आज सब बताया. आपका माल सच्चा था, मेरे हाथ से मरा. आपने मेरी लाज रखी और मैंने आपको झूठा समझा. सबके सामने कहूँगा. मुझे माफ़ कर दीजिए."

त्यांनी हात जोडले. घड्याळजीने भिंग काढलं, अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडत होतं तेवढ्यात मी हात जोडले आणि मान हलवली, नको, नको. तो भला माणूस होता. काही न बोलता बसून राहिला. अण्णा तसेच हात जोडून उभे होते, चेहरा थोडा वर, ऐकत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी टोपी घातली आणि माझा हात शोधला.

परतताना अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "बोलला नाही."

मी म्हटलं, हो.

"बरोबर आहे त्याचं," अण्णा म्हणाले. "मी तरी बोललो असतो का."

देवळातल्या मंडळींना अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, ठरल्याप्रमाणे. कुणी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्याचा चांगुलपणा, म्हणाले. मी त्याच दिवशी एकटी घड्याळजीकडे गेले. काम येईना म्हणून रफीक भाई दुकान देऊन मऊ गावाला मुलीकडे गेले, असं त्याने सांगितलं आणि न मागता पत्ता लिहून दिला. अण्णा त्यानंतर सात वर्षं जगले आणि चाचांनी आपल्याला माफ केलं नाही हे मनात धरूनच गेले. मऊ बनारसहून गाडीने तीन तासांवर आहे. मी गेले नाही.